विषय क्रमांक सात

“ढवळे, हे ‘फॉर’ कुणी लिहिलं?”

शाळेच्या व्हरांड्यात गोणपाटावर संगमरवरी पाटी आडवी पडली होती आणि मी गुडघे टेकून तिच्यावर पेन्सिलनं इंग्रजी अक्षरं आखत होतो. तोडकर मागं येऊन कधी उभे राहिले, ते कळलंच नाही. हातातला चहा त्यांनी बशीसकट कठड्यावर ठेवला. चहा अर्धा टाकून माणूस बोलायला लागला की समजावं, प्रकरण हाताबाहेर चाललंय.

“आखलं मी,” मी म्हटलं. “लिहिलं आप्पासाहेबांनी.”

“डेडिकेटेड फॉर होत नाही. डेडिकेटेड टू.”

“तोडकर, चहा प्या.”

“अहो, पण चूक आहे.”

“चूक आहे, पण सुवाच्य आहे. मी चित्रकलेचा मास्तर. माझ्याकडे सुवाच्यपणाचं खातं.”

ते हसले नाहीत. पाटीभोवती एक चक्कर मारून उलट्या बाजूनंही वाचून पाहिलं. उलट्या बाजूनंही ते ‘फॉर’च होतं.

आमची शाळा म्हणजे पिंपळवेढ्याचं कै. गोदाक्का थोरबोले विद्यालय. गोदाक्का या आमचे संस्थापक आप्पासाहेब थोरबोले यांच्या मातोश्री. शाळेची नवी इमारत बांधून झाली होती, उद्घाटनाला मंत्री यायचे होते, आणि ही इमारत मातोश्रींना अर्पण केल्याचं एक वाक्य दाराशी लावायचं होतं. इंग्रजीत. मराठी पाटी पानपट्टीवाल्याचीही असते, असं आप्पासाहेबांचं म्हणणं. मॅट्रिकला आप्पासाहेब इंग्रजीत दोनदा नापास झाले होते, ही गोष्ट तालुक्यात सगळ्यांना माहीत होती आणि ती कुणालाच माहीत नाही, अशी सगळ्यांची वागणूक होती. हे वाक्य त्यांनी कुणाची मदत न घेता, डिक्शनरी मांडीवर घेऊन, आठ दिवस खपून रचलं होतं. ‘धिस बिल्डिंग इज डेडिकेटेड फॉर लेट गोदाक्का थोरबोले.’ त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं स्वतंत्र इंग्रजी वाक्य. मला कागद देण्याआधी त्यांनी तो दोनदा वाचून दाखवला होता.

आणि तोडकर म्हणजे रंगनाथ तोडकर, आमचे इंग्रजीचे शिक्षक. कुठल्या विशेषणापुढं कुठला शब्द येतो, याच्या जोड्या त्यांनी मुलांकडून पाढ्यांसारख्या घोकून घेतल्या होत्या. अफ्रेड ऑफ, फाँड ऑफ, अँग्री विथ, गुड ॲट, डेडिकेटेड टू. दुपारच्या तासाला आठवीच्या वर्गातून हे असं सामुदायिक चाले की रस्त्यानं जाणारी म्हातारी माणसं आरती समजून हात जोडत. “इंग्रजी बोलताना चुकलं तर हवेत जातं,” तोडकर मुलांना सांगत. “लिहिताना चुकलं तर राहतं.” आता तर ते संगमरवरात राहणार होतं.

हे सगळं ठीक होतं. अडचण एवढीच होती की तोडकर कायम नव्हते.

आमच्या संस्थेत एप्रिलअखेर नोकरी संपायची आणि जूनमध्ये पुन्हा लागायची. मधला महिना माणूस शिक्षक नसे; आंबे खायला मोकळा असे. तोडकरांची अशी पाच वर्षं झाली होती. त्यांची बायको शालन बाळंतपणाला माहेरी गेली ती तिकडंच होती. सासऱ्यांनी, भीमरावमामांनी, स्वच्छ सांगितलं होतं, “जावईबापू, तुमी कायम झाल्याबिगर आमी पोरीला धाडत न्हाई. उन्हाळ्यात काय तिनं झाडपाला खायाचा?” मुलगा आठ महिन्यांचा झाला होता. तोडकरांनी त्याला बारशाला पाहिलं होतं, तेव्हा तो झोपलेला होता. आता येत्या वार्षिक सभेत त्यांच्या कायम नेमणुकीचा विषय यायचा होता.

अशा माणसानं संस्थापकाच्या इंग्रजीत बोट घालावं का? मी त्यांना हेच विचारलं.

“ढवळे, उद्या मंत्री येतील, कलेक्टर येतील,” ते म्हणाले. “ते वाचतील आणि हसतील. आप्पासाहेबांच्या आईच्या नावावर हसतील. मला माहीत असून मी गप्प बसलो, तर मीच हसवलं असं नाही का होणार? मी सांगितलं तर आप्पासाहेबांना बरंच वाटेल.”

मोठ्या माणसाला त्याची चूक सांगितली की बरं वाटतं, अशी समजूत असलेले लोक शिक्षकांतच सापडतात. इतर धंद्यांत ते टिकत नाहीत.

*

आप्पासाहेब संध्याकाळी दूध सोसायटीच्या ऑफिसात बसत. आम्ही गेलो तेव्हा दूध घालायला आलेल्यांची रांग संपत आली होती. आप्पासाहेबांच्या शेजारच्या खुर्चीत एक गोरटेला तरुण शेंगा फोडत बसला होता.

“या मास्तर. ढवळे मास्तरपण आलेत, म्हणजे काहीतरी रंगीत असणार,” आप्पासाहेब म्हणाले. “हा आमचा भाचा, विश्वजित. सुट्टीला आलाय. बोला.”

तोडकर बोलले. चांगलं बोलले. आधी वाक्याची स्तुती केली, मग अक्षराची, मग कल्पनेची, आणि शेवटी ‘फॉर’वर आले. आप्पासाहेब डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा आवाज कधी चढत नसे. ज्यांचा आवाज चढतो त्यांना पुढं काही करायचं नसतं, हे मला नोकरीत लागल्यावर सहा महिन्यांत कळलं होतं.

“फॉर म्हणजे काय, मास्तर?”

“साठी.”

“मी इमारत कुणासाठी बांधली?”

“आईसाठी.”

“मग बरोबर आहे की.”

“पण साहेब, डेडिकेटेड म्हणजे अर्पण. अर्पण आपण ‘ला’ करतो. आईला अर्पण. म्हणून टू.”

आप्पासाहेबांनी दाराकडं पाहिलं. बाहेर कुणीतरी कॅन विसळत होतं.

“आईला कसं अर्पण करणार?” ते हळूच म्हणाले. “ती जाऊन एकोणीस वर्षं झाली. डोक्यावर चरवी घेऊन घरोघर दूध घालून तिनं मला शाळेत धाडलं. ती होती तेव्हा तिला एक लुगडं धड दिलं नाही मी. ‘ला’ म्हणायचा हक्क तेव्हा होता, मास्तर. आता जे काय करायचं ते ‘साठी’च.”

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की इंग्रजी व्याकरणात दुरुस्ती करायला हरकत नाही. तोडकरांचेही डोळे भरले होते. त्यांनी रुमाल काढला, डोळे पुसले, रुमालाची नीट घडी केली आणि म्हणाले,

“तरीही साहेब, टू.”

भाच्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. आप्पासाहेबांनी डोळे उघडले आणि तोडकरांकडं नव्यानं पाहिलं. मग ते हसले. फार गोड हसायचे.

“बरं झालं सांगितलंत. सांगणारी माणसं राहिली नाहीत आता,” ते म्हणाले. “पण आमच्यात रीत आहे. मोठं काम एकट्यानं ठरवायचं नाही. बैल घ्यायचा असो का बोअर मारायची असो, सभेपुढं ठेवायचं. हेही ठेवू.”

“साहेब, हे सभेत कसं ठरेल? हे ठरलेलंच असतं.”

“कुणी ठरवलं?”

“म्हणजे… इंग्रजांनी.”

“ते गेले,” आप्पासाहेब म्हणाले. “आता सभा ठरवते. तुमच्या कायम नेमणुकीचा विषय आठवा आहे. त्याच्या आधी सातवा म्हणून हा घेऊ. म्हणजे एक झाल्यावर दुसरा. ढवळे मास्तर, तोवर पाटीला हात लावू नका.”

भाचा पुढची शेंग फोडू लागला.

बाहेर आल्यावर तोडकर म्हणाले, “ऐकून घेतलं हो त्यांनी. दुसऱ्या कुणी ऐकून घेतलं नसतं.”

“हो,” मी म्हटलं. “ऐकून तर घेतलंच.”

*

आमच्या सभेची पद्धत सांगायला हवी. चिटणीस रावळअण्णा विषय वाचत आणि लोक ‘मंजूर’ म्हणत. वर्षानुवर्षांच्या सरावानं लोक इतके तयार झाले होते की विषय पुरा व्हायच्या आत मंजूर होई. एका वर्षी रावळअण्णांनी वाचलं, “आपल्या एका ज्येष्ठ सभासदाचं दुःखद निधन झालं…” आणि सभा एकमुखानं म्हणाली, मंजूर. मयताचा मुलगाही म्हणाला. त्याच्या लक्षात आलं तोवर पुढचा विषय निघाला होता.

गंभीर विषयाला मात्र हात वर करायला सांगत. आम्ही शिक्षकही सभासद होतो. वर्गणी पगारातूनच कापून घेत, म्हणजे विसरायला नको.

शाळेत मास्तर लोकांनी तोडकरांशी बोलणं जरा कमी केलं. भांडण नव्हतं, फक्त ते आले की प्रत्येकाला वर्गावर जायची आठवण होई. मुख्याध्यापक शेंडगे यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होतो.

“सर, तुम्ही बरोबर आहात,” शेंडगे दार लावून म्हणाले. “हे मी दार लावून म्हणतोय, लक्षात घ्या. वर्गात बरोबर ते शिकवा. सभेत मंजूर ते म्हणा. हे दोन वेगळे विषय आहेत. तासिका वेगळ्या, पुस्तकं वेगळी.”

“आणि सभेत ‘फॉर’ ठरलं तर सोमवारी मी आठवीला काय शिकवू?”

“सोमवारी सुट्टी आहे,” शेंडगे म्हणाले. “उद्घाटनाची.”

शनिवारी, सभेच्या सकाळी, भीमरावमामा एस. टी.नं आले. जाडजूड धोतर, डोक्याला पटका, कानानं थोडे जड. जावई कायम होताना डोळ्यांनी पाहावा म्हणून आले होते. तोडकरांच्या खोलीत पाय टेकताच त्यांनी भिंती थोपटून पाहिल्या आणि छताकडं बघून विचारलं, “पावसाचं गळतं का वं?”

“नाही, मामा.”

“मग पाळणा त्या कोपऱ्यात बसंल.” ते खाटेवर बसले. “जावईबापू, आमच्या गावातबी कळलंय. कायतरी शब्दाची भानगड काढलीया म्हनं तुमी.”

“भानगड नाही मामा. दुरुस्ती.”

“शालीनं निरोप दिलाय. म्हनली, त्यास्नी सांगा, पोरगं आता बसाया लागलंय. दोन दात आल्यात.” मामांनी डोक्यावरचा पटका सारखा केला. “एवढाच निरोप दिला तिनं. मी आपला सांगितला.”

तोडकरांनी त्या कोपऱ्यातली वह्यांची चळत उचलून बाजूला ठेवली.

“मामा,” ते शेवटी म्हणाले, “मी काही विरोध करणार नाही. फक्त बरोबर काय ते सांगणार. मग सभेला काय करायचं ते करू दे.”

“आन हात?”

“हात खाली ठेवीन. खाली हात ठेवणं म्हणजे काही विरोध नव्हे.”

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी छत गळतंय का ते पाहत होतो.

*

सभा नव्या इमारतीच्या हॉलमध्ये भरली. चुन्याचा वास अजून जिरला नव्हता. व्यासपीठावर आप्पासाहेब, रावळअण्णा, शेंडगे, आणि कडेच्या खुर्चीत सफारीतला भाचा. भिंतीवर हार घातलेला गोदाक्कांचा फोटो. मागच्या बाजूला दाराशी पाहुण्यांच्या बाकावर मामा.

पहिले सहा विषय चहा निवायच्या आत मंजूर झाले.

“विषय क्रमांक सात,” रावळअण्णांनी वाचलं. “मातोश्रींच्या पाटीवर फॉर घालावं की टू, याबाबत विचार…”

“मंजूर,” सभा म्हणाली.

“थांबा,” आप्पासाहेब उठले. “याला विचार करायचाय.”

सभा गोंधळली. असा विषय पूर्वी आला नव्हता.

आप्पासाहेबांनी मग दोन्ही बाजू मांडल्या. मी आयुष्यात खूप भाषणं ऐकली, पण इतका न्यायी माणूस पाहिला नाही. टूची बाजू तर त्यांनी तोडकरांपेक्षा चांगली मांडली. आपण नापास कसे झालो, हेही स्वतः सांगितलं. तालुक्यातलं सगळ्यात मोठं गुपित त्यांनी असं सहज सभेत ठेवलं आणि लोक खाली बघू लागले. मग ते म्हणाले, “आता तोडकर मास्तर बोलतील. त्यांचं नीट ऐका. कुणी मध्ये बोलायचं नाही.”

तोडकर उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. ते म्हणाले, आप्पासाहेबांचं आईवरचं प्रेम शंभर नंबरी आहे, त्यात दुरुस्ती नाही. पण दुसऱ्याच्या घरात गेलं की चपला कुठं काढायच्या ते त्या घरच्या रीतीनं करावं लागतं, आणि इंग्रजी हे दुसऱ्याचं घर आहे. तिथली रीत टू आहे. हे मी मुलांना रोज सांगतो आणि मुलं ही पाटी रोज वाचणार आहेत. एवढं बोलून ते बसले. मला भाषण आवडलं. माझ्या शेजारचा हिंदीचा मास्तरही हळूच “वा” म्हणाला आणि लगेच खोकला.

एक म्हातारा शेतकरी उठला. “आप्पासाहेब, माझी एक शंका. यात अक्षरं कशात कमी हाईत?”

“टूमध्ये,” तोडकर बसल्याजागी म्हणाले.

“मग टू घ्या की. पाथरवट अक्षरावर घेतोय.”

सभा हसली. तोडकरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आशा दिसली. व्याकरणानं जे झालं नाही ते काटकसरीनं होईलसं वाटलं.

“म्हातारबा, आईच्या नावावर काटकसर नको,” आप्पासाहेब म्हणाले आणि म्हातारा कान धरून खाली बसला. “तर मग, ज्यांना ‘फॉर’ मान्य आहे त्यांनी हात वर करावेत.”

हात वर गेले. शेतकऱ्यांचे गेले, दुकानदारांचे गेले, शेंडगे सरांचा इतका वर गेला की खुर्चीतून थोडे उठल्यासारखे दिसले. हिंदीचा गेला, गणिताचा गेला, माझाही गेला. चित्रकलेला फॉर आणि टू दोन्ही सारखेच. आप्पासाहेबांनीही हात वर केला. मागं बाकावर, सभासद नसताना, भीमरावमामांनी दोन्ही हात वर केले होते.

एकच हात नव्हता.

रावळअण्णा मोजायला लागले तर आप्पासाहेबांनी त्यांना खुणेनं थांबवलं आणि ते तोडकरांकडं बघत उभे राहिले. सगळे हात वरच होते. हात वर करायला सोपा असतो. वर ठेवायला जड असतो. लोकांच्या खांद्यांना रग लागायला लागली, तसे लोकही तोडकरांकडं बघू लागले. आधी कुतूहलानं, मग रागानं. एवढा शिकलेला माणूस, एक हात वर करायला काय जातंय याचं.

“माझी एवढीच इच्छा आहे, मास्तर,” आप्पासाहेब अतिशय मायेनं म्हणाले, “की आईचं काम एकमतानं व्हावं.”

तोडकरांनी वळून मागं पाहिलं. मामा दोन्ही हात वर धरून, त्यांच्याकडं बघत, मान हलवत होते. घ्या, घ्या वर, अशी.

तोडकरांचा हात वर गेला.

टाळ्या पडल्या. एका हातानं टाळी वाजत नाही, म्हणून लोकांनी हात खाली घेतले आणि मग वाजवल्या. आप्पासाहेबही वाजवत होते.

“विषय क्रमांक आठ,” रावळअण्णांनी वाचलं. “इंग्रजी विषयाच्या शिक्षकाची कायम नेमणूक.”

तोडकरांनी डोळे मिटले.

“याच्याबद्दल मला दोन शब्द बोलायचेत,” आप्पासाहेब म्हणाले. “परवा मी आमच्या विश्वजितला विचारलं. तो इंग्रजी घेऊन एम. ए. झालाय. म्हटलं, खरं काय ते सांग. तो म्हणाला, मामा, टूच बरोबर. तोडकर मास्तर शंभर टक्के बरोबर. ढवळे मास्तर, पाटीवर उद्या टू घाला.”

सभेत कुणी हललं नाही. नुकतंच जे एकमतानं झालं होतं ते आता नव्हतं, एवढं लोकांना कळलं. पुढं काय म्हणायचं ते कळलं नाही. मॅट्रिकला स्वतःला नापास करणाऱ्या मास्तरांना आप्पासाहेब बहुधा आज तोडकरांच्या रूपानं भेटत होते, असं मला त्यांच्या आवाजावरून वाटलं.

“मास्तरांना हे पक्कं माहीत होतं. त्यांनी ते मला तोंडावर सांगितलं, तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला. म्हटलं, आईच्या शाळेला असाच माणूस पाहिजे. आणि आज, तुम्ही सगळ्यांनी बघितलं, त्यांनी हात वर केला.” आप्पासाहेब फोटोकडं वळले. “आम्हा अडाण्यांचं सोडा. आम्ही चुकतो. पण बरोबर काय ते माहीत असून जो चुकीला हात वर करतो, त्याच्या हातात मी आईच्या शाळेतली पोरं कशी देऊ? तुम्हीच सांगा, मास्तर.”

याचं उत्तर शोधायचा मी आजही अधूनमधून प्रयत्न करतो.

“म्हणून या जागेवर श्री. विश्वजित यांची…” रावळअण्णांनी वाचलं.

“मंजूर.”

“हात वर करा,” आप्पासाहेब म्हणाले. “नोंद नीट झाली पाहिजे.”

हात वर गेले. तोडकरांचा हात मघापासून वरच होता. खाली घ्यायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. रावळअण्णांनी तोही मोजला आणि वाचून दाखवलं, एकमताने.

सभा संपल्यावर सतरंज्या गोळा होताना मी रावळअण्णांना गाठलं. “अण्णा, एक विचारू? तोडकरांनी हात खाली ठेवला असता तर?”

“तर दुसरा ठराव होता,” रावळअण्णा कानावरची पेन्सिल काढत म्हणाले. “संस्थेच्या एकमतात अडथळा आणल्याबद्दल. तोही लिहून ठेवला होता. आप्पासाहेबांचं काम अर्धवट नसतं.”

*

तोडकर पायरीवर उभे होते. मामा गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी आले. हातात सभेचे दोन पेढे होते. एक त्यांनी जावयाच्या तोंडात घातला.

“झालं न्हवं?” मामा मोठ्यानं म्हणाले. “आमाला ऐकू कमी येतं, पर दिसतंय की. आटव्या नंबराला समद्या सभेचं हात वर. तुमचं कौतिक काय, आईच्या फोटूकडं हात काय. आमीबी दोन्ही केलं.”

मी तोंड उघडलं. तोडकरांनी माझं मनगट धरलं. तोंडात पेढा होता, तो त्यांनी गिळला.

“हो मामा. झालं.”

“तर मग उद्या दुपारच्या गाडीनं पोरीला घेऊन येतो. आता एक दीस थांबायचं न्हाई.” मामांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “म्या तुमास्नी लई बोललो मधल्या काळात. ते मनात धरू नका.”

संध्याकाळची गाडी मामांना घेऊन गेली. धूळ बसेपर्यंत आम्ही स्टँडवर उभे होतो.

“उद्या काय सांगणार?” मी विचारलं.

“उद्या सांगेन.”

“आज का नाही?”

“ढवळे,” ते म्हणाले, “पाच वर्षं वाट बघितली. उद्या दुपारपर्यंत तरी मला कायम राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी मीही स्टँडवर गेलो. त्यांनी सांगितलं नव्हतं, पण नकोही म्हणाले नाहीत. कालचाच शर्ट त्यांनी रात्री धुऊन पुन्हा इस्त्री केला होता. गाडी आली. आधी मामा उतरले, मग शालन, कडेवर मूल. तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि स्टँडवरच्या सगळ्या लोकांकडं ती अशी बघत होती, जणू उद्यापासून ते तिचे शेजारी असणार होते.

तोडकरांनी हात पुढं केले. मूल त्यांच्याकडं क्षणभर टक लावून पाहत राहिलं, मग ओठ काढून रडायला लागलं.

“ओळखत न्हाई अजून,” शालन म्हणाली. “ऱ्हाऊ द्या तसंच. हुईल सवय. आता काय, रोजच बघायचंय त्याला तुमास्नी.”

तोडकरांनी रडणाऱ्या मुलाला छातीशी धरलं आणि पाठमोरे झाले.

टपावर चढलेला कंडक्टर खाली ओरडून विचारत होता, पाळणा कुणाचा आहे, दोरी तुटलीय, नीट धरा. मी पुढं होऊन तो धरला.